गळ टाकण्याआधी तिथी बघा

एका वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"वय 46. उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. लहानपणापासून पंचगंगेवर गळ टाकतो, पाऊस सरला की राधानगरीच्या बॅकवॉटरला जातो. दोन वर्षांपूर्वी पुतण्यानं अमेरिकेहून फ्लाय रॉड आणून दिला, 5 नंबरचा. तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा: कोमट पाण्याच्या समुद्रात, बोट न घेता, किनाऱ्यावर उभं राहून फ्लायवर मासा धरायचा. व्हिडिओत दिसतं तसं, पांढऱ्या वाळूवर गुडघाभर निळं पाणी. आम्ही तिघं मित्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस काढणार आहोत. मेहुणा मस्कतला आहे, तो म्हणतो ओमानला या. एक मित्र लक्षद्वीपवर अडून बसलाय. बायको म्हणते, एवढ्या पैशात बाजारातून वर्षभर सुरमई येईल. आणि जाणारच असाल तर आम्हालाही न्या. कुठं जाऊ आणि रॉड कोणता घेऊ? – पंचगंगाकाठचा एक हौशी"

नमस्कार.

तुमच्या पत्रात रॉड आहे, पुतण्या आहे, मेहुणा आहे, वहिनींचा सुरमईचा हिशोबही आहे. नाही ते फक्त पाणी. तुम्ही ज्या दिवशी, ज्या वेळेला तिथं उभे राहाल त्या वेळेला पाणी कुठं असेल, याबद्दल एक ओळ नाही. तुमचा दोष नाही. आपण नदीची माणसं. पंचगंगा सकाळी जिथं असते तिथंच संध्याकाळी असते. राधानगरीचं पाणी उतरतं ते महिन्यांच्या हिशोबानं, तासांच्या नाही. त्यामुळं कोल्हापूरचा गळवाला समुद्रावर जातो तेव्हा रविवार बघून जातो, आणि तिथंच फसतो.

मीही फसलोय. पहिल्यांदा मालवणच्या बाजूला एका खाडीच्या तोंडावर गेलो तो सुट्टी बघून. पहाटे घाट उतरलो, वाटेत दोनदा चहा झाला, दहाला पोचलो. रॉड जोडला, माशी (म्हणजे फ्लाय, गळावर केस आणि धागे बांधून केलेलं नकली आमिष) बांधली, आणि समोर बघतो तर खाडी गायब. नुसता चिखल, मधोमध ओढ्याएवढी धार. गुडघाभर चिखलात रुतत त्या धारेपर्यंत गेलो, तोवर समोरून वारा सुटला. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी एक आजी मला बराच वेळ बघत होती. टोपली कमरेला लावून जाता जाता म्हणाली, "पाणीच नाय हा, मासो खंयसून येतलो?" दीडशे किलोमीटर जाऊन मी एवढं एक वाक्य घेऊन परत आलो. पण तेवढं पुरलं.

म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम उलटा करतो. आधी दिवस, मग जागा, रॉड शेवटी.

दिवस ठरवायला घरातलं कॅलेंडर पुरतं. किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. द्वादशी असेल तर नऊ. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-एक तास इकडंतिकडं होतो; नेमकी वेळ त्या गावाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायची, तो आता मोबाइलवर मिळतो. पण दोन महिने आधी सुट्टी टाकताना ही पाऊणकी बास आहे.

पाणी कधी येतं एवढ्यावर भागत नाही, किती येतं हेही बघायचं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी आळसावल्यासारखं थोडं चढतं, थोडं उतरतं. खाडीच्या तोंडाला ओढ नसते, आणि ओढ नसली की शिकारी मासाही फिरत नाही. पौर्णिमा-अमावस्येला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण. तेव्हा आपल्या कोकणात माणसाच्या उंचीएवढा फरक पडतो, प्रवाह इतका जोरात की फ्लायची दोरी हातात राहत नाही आणि पाय वाळूत राहत नाहीत. आपल्याला हवं ते मधलं: एकादशी ते त्रयोदशी. पाणी दिवसागणिक वाढत असतं, पण अजून अंगावर येत नसतं.

आता द्वादशीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे तीनच्या सुमाराला ओहोटी संपली. साडेसहाला फटफटतं तेव्हा भरती निम्म्यावर आलेली. नऊपर्यंत पाणी चढतंय, त्याबरोबर बोय आणि बारकी मासळी काठाकाठानं आत सरकतेय. नऊला थोडा वेळ सगळं थांबतं. तेवढ्यात पोहे खाऊन घ्यायचे. मग पाणी परतायला लागतं आणि आत गेलेली बारकी मासळी त्याबरोबर बाहेर ओढली जाते. खाडीच्या तोंडाला जिथं वाळूची दांडी संपते आणि खोल पाणी सुरू होतं त्या कोपऱ्यावर जिताडा, तांबोशी, ट्रेव्हली असे शिकारी मासे तोंड प्रवाहाकडं करून थांबतात. ओहोटीचे पहिले दोन तास हे दिवसातले सर्वात चांगले. म्हणजे साडेसहा ते अकरा, साडेचार तास, आणि दोन्ही पाणी मिळालं.

अकरालाच का थांबायचं, तर वारा. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ केले, परीक्षेत आकृती काढून गुण घेतले आणि विसरलो. फ्लायवाल्याला तो धडा परत उघडावा लागतो. पहाटे जमीन गार आणि समुद्र ऊबदार, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडं: मतलई. पश्चिमेला तोंड करून उभे राहिलात की तो पाठीवर येतो, हलका असतो, दोरी पुढं न्यायला मदत करतो. दहा-अकरानंतर जमीन तापते, वारा फिरतो आणि समुद्रावरून थेट तोंडावर येतो. दुपारी तीनपर्यंत तो असा चढतो की आमच्यासारख्यांची दोरी पाण्यात पडण्याऐवजी गळ्यात पडते. त्यातही हा वारा बहुतेक वेळा वायव्येकडून. उजव्या हातानं फेकणाऱ्या माणसाला तो उजव्या खांद्यावरून येतो आणि माशी सरळ कानाकडं आणतो. टोपी, चष्मा आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला, या तीन गोष्टींशिवाय रॉड हातात घ्यायचा नाही. काटा दाबलेला गळ माशाच्या तोंडातून सुटा होतो, आणि कानातूनही. दुसरं मी अनुभवानं सांगतोय.

आता तुमचा डिसेंबरचा शेवटचा आठवडा. तो मालवण-तारकर्लीला जत्रेचा आठवडा. किनाऱ्यावर पॅराशूट, स्कूटर, केळ्याच्या आकाराच्या बोटी, आणि तुमच्या मागं फ्लायची दोरी जिथं उलगडणार तिथं कुणाचं तरी पोर किल्ला बांधतंय. माणसाच्या डोक्यामागून पन्नास फूट दोरी जाते हे लोकांना माहीत नसतं, त्यांच्या दृष्टीनं तुम्ही पुढं फेकताय. सुट्टी आठवड्यानं अलीकडं घ्या किंवा जानेवारीत न्या, आणि त्यात मधल्या वारांना द्वादशी येते का बघा. मार्गशीर्षाचे गुरुवार घरी पाळत असाल तर तेही आत्ताच मोजा. ताटात मासा आल्यावर वाद नको. एकादशीचंही तेच. पाळत असाल तर द्वादशीपासून धरा.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये खाड्या अजून गढूळ असतात, मार्चनंतर वारा आणि ऊन दोन्ही सोसत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. किनाऱ्यावरच्या गळाला ती लागू नसली तरी त्या समुद्रासमोर उभं राहायचं कारण नाही. पाणी मात्र बाराही महिने कोमट. डिसेंबरातही सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतं. त्या बाबतीत तुम्हाला ओमानला जायची गरज नाही.

तर जागा. मस्कतचा मेहुणा हा फार मोठा मोह असतो हे मान्य. पण ओमानमध्ये फ्लायवाले ज्या किनाऱ्यासाठी जातात तो दक्षिणेचा, धोफारचा, सलालाच्या बाजूचा. वाळूच्या लांबलचक किनाऱ्यावरून चालत 'परमिट' नावाचा मासा शोधायचा, लाटेच्या फेसात त्याची काळी शेपटी दिसली की त्याच्या नाकासमोर खेकड्याची माशी टाकायची. हा मासा जगातल्या भल्याभल्यांना आठवडा-आठवडा रडवतो. आणि मस्कत ते सलाला रस्त्यानं हजार किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून अहमदाबादपेक्षा लांब. मेहुणा विमानतळावर घ्यायला येईल, बिर्याणी खाऊ घालील. मासा त्याच्या घराजवळ नाही. चार दिवसांतले दोन गाडीत जातील. पुढंमागं जायचं ठरलंच तर ऑक्टोबरनंतर जा. जून ते सप्टेंबर आपलाच नैऋत्य मान्सून तिथं 'खरीफ' या नावानं धुकं आणि उसळता समुद्र घेऊन येतो. गळ टाकायच्या परवान्याची मेहुण्याला आधी चौकशी करायला सांगा.

लक्षद्वीपवाला मित्र तुमच्या व्हिडिओच्या जास्त जवळ आहे. प्रवाळाच्या कड्याआड अडलेलं उथळ, नितळ पाणी, खाली पांढरी वाळू. त्याला इंग्रजीत 'फ्लॅट' म्हणतात आणि ज्यावर ही सगळी विद्या पोसली गेली तो बोनफिश अशाच पाण्यात भरतीबरोबर चढतो. पण लक्षद्वीपला जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो. कोचीहून अगत्तीला विमान किंवा जहाज, बेटावर राहायची सोय मोजकी. पाहुण्यानं किनाऱ्यावरून गळ टाकला तर चालतं का, कुठं चालतं, हे परवाना काढतानाच लेखी विचारून घ्या. तिथं पोचून बेटावरच्या माणसांशी हुज्जत घालायची वेळ येऊ नये. प्रवाळावर पाय द्यायचा नाही आणि तुकडाही खिशात घालायचा नाही, तो कायद्यानं संरक्षित आहे. हे सगळं जमवायला चार दिवस आणि दीड महिन्याची तयारी अपुरी. पुढच्या वर्षी.

यंदा घाट उतरा. एवढंच.

निळं पाणी मिळणार नाही हे आत्ताच सांगतो. आपल्या खाड्यांचं पाणी हिरवट-गढूळ. मासा बघून माशी टाकायची चैन तिथं क्वचितच. पण प्रवाह वाचून अंदाजानं टाकायची ती विद्या इथंच शिकायला मिळते, आणि ती ज्याला येते त्याला फ्लॅटवर फक्त बघायला शिकायचं उरतं. जागा दोन सांगतो. एक, देवबागचा संगम: कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं. जमिनीची चिंचोळी पट्टी, एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. जागा सुंदर, पण टोकाला ओहोटीची ओढ भयंकर. तिथं पाण्यात उतरायचं नाही, कोरड्यावरूनच फेकायचं. दुसरी, तोंडवळी-तळाशील: तीच रचना, माणसं कमी, आणि वारा फिरला की समुद्राची बाजू सोडून सुरूच्या झाडांच्या आडोशाला खाडीच्या बाजूला येता येतं. मी तुमच्या जागी असतो तर तळाशील धरलं असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे खडक लांबून बघा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे आणि किल्ल्याचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. इतका मोठा किनारा पडलेला असताना तिथं गळ घेऊन फिरायचं काही कारण नाही.

रत्नागिरी जवळ पडतं असं वाटत असेल तर आंबा घाटानं भाट्याला जा, काजळी नदीचं तोंड आहे. मालवणला जायचं तर गगनबावड्यावरून किंवा राधानगरी-दाजीपूर-फोंडा. दोन्हींपैकी कुठला घाट चालू आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या. दाजीपूरवरून रात्री निघू नका. वळणावर गवा उभा असतो आणि त्याला हॉर्नचं काही वाटत नाही.

गेल्यावर पहिलं काम, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरानं ओढायचं मोठं जाळं, कुठं लागते ते विचारा. सकाळी किनाऱ्यावर दोर दिसला, माणसं जमलेली दिसली, की ती जागा त्यांची. शंभर-दीडशे पावलं लांब उभे राहा. त्याहून चांगलं म्हणजे रॉड ठेवून द्या आणि दोराला हात लावा. ओढणाऱ्याला वाटा द्यायची रीत आहे. तुमच्या माशीला काही लागलं नाही तरी वहिनींना दाखवायला चार बांगडे मिळतील. शिवाय त्या जाळ्यात काय आलं ते बघितलं की कुठल्या आकाराची, कुठल्या रंगाची मासळी सध्या काठाला आहे ते कळतं, आणि माशी तशी निवडता येते. एवढी माहिती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आता रॉड. पुतण्याचा 5 नंबर घरी ठेवा, राधानगरीला वापरा. तुम्ही वर्कशॉपवाले, म्हणून वजनात सांगतो. आपल्या नेहमीच्या गळात शिसं दोरीला ओढून नेतं. फ्लायमध्ये उलटं आहे: माशीला वजन नसतं, दोरीलाच असतं, आणि ती माशीला ओढून नेते. रॉडचा नंबर म्हणजे त्या दोरीचा नंबर. 5 नंबरच्या दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन साधारण 9 ग्रॅम, 8 नंबरचं साडेतेराच्या वर. खाऱ्या वाऱ्यात मोठ्या गळाची, जड डोळ्यांची माशी न्यायला ते वरचे साडेचार ग्रॅम लागतात. तेव्हा 9 फुटी, 8 नंबरचा, चार तुकड्यांचा रॉड. मोडून ठेवला की पाऊण मीटरच्या नळीत बसतो, एसटीच्या फळीवरही मावतो.

पैसे रॉडवर उधळू नका. रॉड मध्यम घ्या, दोरी चांगली घ्या. दोरीवर उष्ण समुद्रासाठी असं लिहिलेलं असलं पाहिजे. गार पाण्याच्या नदीसाठी केलेली दोरी आपल्या उन्हात उकडलेल्या शेवयांसारखी होते, कड्यांना चिकटते, पुढं सरकतच नाही. मी दोन हंगाम हे माझ्या हाताचं पाप समजत होतो. दुसरा खर्च रीलवर, कारण नदीत रील म्हणजे नुसती दोरी गुंडाळायची चकती, समुद्रात तो ब्रेक असतो. ब्रेक बंदिस्त हवा, खारं पाणी आत जाता कामा नये, आणि फ्लायच्या दोरीमागं दीडशे-दोनशे यार्ड बारीक बॅकिंग, म्हणजे राखीव दोरी, हवं. पुढं 9 फुटी लीडर, म्हणजे दोरी आणि माशी यांच्यामधली बारीक तंगूस, शेवटाला 16 ते 20 पौंडाचा फ्लुरोकार्बन. तांबोशी लागेल अशा खडपाजवळ असाल तर आणखी जाड. ती गळ घेऊन सरळ दगडाखाली शिरते.

माशी. नाव माशी, पण खाऱ्या पाण्यात माशीचं सोंग कुणी घेत नाही. बारका मासा, कोळंबी किंवा खेकडा यांचं घेतो. आमच्या घरी माझ्या या छंदाला 'माश्या मारत बसणं' म्हणतात, आणि मला त्यावर उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला तीन-चार प्रकार पुरतील, त्यातही एकच न्यायचा तर क्लाउझर. बांधायला सोपी आहे. 1 किंवा 1/0 नंबरचा, न गंजणारा गळ शेगड्यात धरा. गळाच्या छिद्रामागं थोडं अंतर सोडून डंबेलसारखे जड डोळे आडवे ठेवून, दोऱ्याच्या इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फेऱ्यांनी घट्ट बसवा. पांढऱ्या केसांचा पातळ झुबका डोळ्यांच्या बाजूनं, त्यावर दोन-चार चमकते धागे, मग गळ उलटा करून दुसऱ्या बाजूनं हिरवट केस. विदेशात हरणाच्या शेपटीचे केस घेतात, मी बकऱ्याचे घेतो आणि चमक म्हणून जरीचा धागा. केस कमी घ्या. पहिल्यांदा सगळे झाडू बांधतात. डोळ्यांच्या वजनानं ही माशी पाण्यात उलटी होते, गळाचं टोक वर राहतं, त्यामुळं तळाच्या कालवांत अडकत नाही. प्रत्येक ओढीला पुढं सरकते, ओढ थांबली की नाक खाली करून बुडते. जखमी मासा असाच हलतो, आणि खाणारा बहुतेक वेळा ती बुडत असताना घेतो.

घेतली हे कळल्यावर काय करायचं, इथं तुमची तीस वर्षांची सवय आडवी येणार आहे. पंचगंगेवर बोंडी बुडाली की आपण रॉड झटक्यात वर घेतो. फ्लायला हे केलंत तर मासा गेला. मऊ रॉड वाकतो, गळ शिरत नाही आणि माशी पाण्यातून उडून माशाच्या नजरेबाहेर जाते. रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं, दोरीच्या रेषेत सरळ. ओढ लागली की उजवा हात जागचा हलवायचा नाही, डाव्या हातानं दोरी मागं खेचायची, लांब आणि ठाम, विहिरीतून पोहरा ओढतो तशी. मासा चुकला तर माशी फक्त हातभर पुढं सरकलेली असते, तो परत घेतो. लागला की मग रॉड वर. सुटी दोरी पायात नाही, रॉडच्या मुठीत नाही हे त्या दोन सेकंदांत बघायचं. माझा पहिला मोठा मासा शर्टाच्या बटणानं घालवला. दोरी त्यात अडकली होती.

हे कोल्हापुरात शिका, मालवणला नको. सकाळी गांधी मैदानावर जा, गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधा, 50 फुटांवर चप्पल ठेवा आणि तिच्या आसपास दहात सात वेळा गोंडा पडेपर्यंत रोज अर्धा तास. दोरी मागं पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, हीच सगळी गंमत आहे. वाऱ्याच्या दिवशी मुद्दाम जा, वाऱ्याच्या तोंडावर फेका. पोरं येऊन विचारतील, "काका, पतंग कुठं हाय?" विचारू दे. व्हिडिओतले 80 फूट विसरा. खाडीच्या काठाला मासा बहुतेक वेळा तुमच्या पायापासून 30-40 फुटांत असतो, आणि नवा माणूस त्याच्यावर पाय देऊन पुढं खोल पाण्यात जातो.

पायांचं ऐका. कोल्हापुरी चप्पल गाडीत राहू दे. जुने, जाड तळव्याचे कॅनव्हासचे बूट घाला, कालवांची धार ब्लेडसारखी असते. पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूतून घासत पुढं सरकवायचं. पाकट वाळूत पडून असतो, धक्का लागला की निघून जातो, वरून पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. मारलाच तर जखम धुऊन पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर ठेवा. त्याचं विष उष्णतेनं मरतं, वेदना उतरते. मग डॉक्टर, कारण काट्याचा तुकडा आत राहतो. शिंगाळ्याच्या काट्यालाही हाच इलाज. म्हणून थर्मासमध्ये चहाबरोबर दुसऱ्या थर्मासमध्ये गरम पाणी. निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा इशारा मोबाइलवर बघा. आकाश निरभ्र असतानाही लांबून आलेली लाट खडपावरच्या माणसाला घेऊन जाते.

मासा सोडायचा की खायचा? आपल्या गावात सोडतो म्हटलं की लोक कपाळाला हात लावून ताप बघतात. ताटापुरता ठेवा. फक्त मोठा जिताडा लागला तर एक लक्षात ठेवा: हा मासा आधी नर असतो आणि वाढला की मादी होतो. दोन-तीन किलोचा ठेवलात तर तो बहुधा नर. दहा किलोचा लागला तर ती मादी, त्या खाडीची पुढची पिढी तिच्या पोटात. तिला पाण्यातच धरून फोटो काढा आणि जाऊ द्या. मला एकदाच तशी वेळ आली. सोडलं तेव्हा बरोबरचा मित्र तासभर बोलला नाही.

आता वहिनी. त्यांना आणि मुलांना न्याच. मी सांगितलेली वेळ परत वाचा: साडेसहा ते अकरा. तुम्ही आलात की त्यांचा दिवस नुकताच सुरू होत असेल. खारा वारा सुटला, तुमची फेकायची सोय संपली, मग किल्ला, जेवण, संध्याकाळचा किनारा, सगळं त्यांच्याबरोबर. दुपारीही "जरा एकदा टाकून येतो" म्हणालात तर वाऱ्याशीही भांडण होईल आणि घरातही. तिघं मित्र तिन्ही कुटुंबं घेऊन तळाशीलला किंवा देवबागला एकच घर घ्या, जेवण घरमालकीणबाईंकडं सांगा. सुरमईचा हिशोब तिथं आपोआप मिटतो, ती ताटातच येते.

आणि रोज दुपारी जेवायच्या आधी रॉड, रील, दोरी गोड्या पाण्यानं धुवा. बादलीत बुडवून किंवा मगानं, नळाची जोराची धार नको, ती मीठ आत ढकलते. रीलचा ब्रेक सैल करा, सावलीत वाळू द्या, नळीत ओलं भरू नका. पहिल्या वर्षी मी घरी आल्यावर धुऊ म्हणून तसंच गाडीत टाकलं. गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा रील सहज फिरवून बघितला, आणि तो फिरला नाही.